एका अपघाताचा हिशेब : डेंटन वेल्च (1915–1948)

7 जून 1935, शुक्रवार. इंग्लंडात व्हिटसनच्या (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा ख्रिस्ती सण) सुट्ट्या तोंडावर आलेल्या. लंडनच्या ग्रिनिच भागात, क्रूम्स हिल नावाच्या चढाच्या रस्त्यावर भाड्याच्या खोलीत राहणारा वीस वर्षांचा एक मुलगा सायकलवर टांग टाकून सरे परगण्यात निघाला. तिथे त्याचे एक पाद्री काका राहत. मुलगा गोल्डस्मिथ्स कॉलेजात चित्रकला शिकत होता. वाटेत एका मोटारीनं त्याला उडवलं. पाठीचा कणा मोडला.

योगायोग असा, की ब्रिटनमध्ये नव्या चालकांना वाहन चालवण्याची परीक्षा सक्तीची झाली ती त्याच वर्षी 1 जूनला, म्हणजे बरोबर सहा दिवस आधी. वस्तीच्या भागात ताशी तीस मैलांची मर्यादा आली ती मार्च महिन्यात. आदल्या वर्षी, 1934 मध्ये, ब्रिटनच्या रस्त्यांवर सात हजारांहून जास्त माणसं मेली होती, म्हणून हे सगळे कायदे. तेव्हा अपघात काही जगावेगळा नव्हता. त्या मुलाचं पुढे जे झालं ते मात्र वेगळं आहे.

त्याचं नाव मॉरिस डेंटन वेल्च. अपघातानंतर तो साडेतेरा वर्षं जगला आणि 30 डिसेंबर 1948 रोजी, तेहतिसाव्या वर्षी, केंट परगण्यात वारला. एवढ्या काळात तीन कादंबऱ्या (तिसरी अपुरी), कथांचं एक पुस्तक भरेल इतक्या कथा आणि वर काही, सहा वर्षांची रोजनिशी, कविता, आणि चित्रं. यातलं जवळपास सगळं लेखन शेवटच्या आठेक वर्षांतलं. वेल्चबद्दल जे काही लिहिलं जातं त्यात एक वाक्य हटकून येतं: अपघात झाला नसता तर हा लेखक झालाच नसता, साधारण चित्रकार म्हणून आयुष्य काढलं असतं. हे वाक्य मला कधी पटलं नाही आणि पूर्ण खोडताही आलं नाही. म्हणून हे प्रकरण जरा उसवून बघू.

अपघाताआधीचा मुलगा

जन्म शांघायचा, 29 मार्च 1915. वडील आर्थर वेल्च तिथले सधन इंग्रज व्यापारी, रबराच्या धंद्यातले. आई रोझलिंड अमेरिकन, मॅसॅच्युसेट्स राज्यातली, आणि ख्रिश्चन सायन्स पंथाची. या पंथात आजार प्रार्थनेनं बरा होतो अशी श्रद्धा. डॉक्टर आणि औषधं शक्यतो टाळायची. धाकट्या डेंटनला घेऊन ती बरीच हिंडली. तो अकरा वर्षांचा असताना ती वारली. पुढे त्यानं जे लिहिलं त्यात या मृत्यूवर थेट रडारड जवळजवळ नाही, पण पानापानांत एक रिकामी खुर्ची आहे असं वाटत राहतं.

मग डर्बीशरमधली रेप्टन ही निवासी शाळा. तिथे मोठा भाऊ पॉलही होता, आणि पुढे प्रसिद्ध झालेला रोआल्ड डाल हा त्याच काळातला विद्यार्थी. अशा शाळांत मोठ्या मुलांनी धाकट्यांना राबवायचं, छडीनं मारायचं, हे रीतसर चाले. 1931 च्या शरदात, सोळाव्या वर्षी, सुट्टी संपवून शाळेत परतायच्या दिवशी डेंटननं रेप्टनची गाडी पकडलीच नाही. तो सॉल्झबरीला गेला. का, तर कॅथीड्रल बघायला! खिशात पैसे जेमतेम, पुढचा बेत काहीच नाही. पळून जाणारी मुलं समुद्राकडे जातात, मुंबईचा सिनेमा असेल तर मुंबईला येतात; हा मुलगा जुनी दगडी इमारत बघायला पळाला. काही दिवसांनी सापडला, परत शाळेत ते सत्र संपवलं, आणि वडिलांनी त्याला चीनला बोलावून घेतलं.

चीनमध्ये त्यानं काय केलं? जुन्या वस्तू हुडकल्या. कपबशा, कोरीव दगड, तडा गेलेली भांडी. जुन्या वस्तूंच्या शोधात आतल्या भागात काइफंगपर्यंत प्रवास केला. एका ठिकाणी एकटाच फिरायला गेला असता जमिनीवर माणसाचं तोडलेलं, सडलेलं मुंडकं दिसलं. पहिल्या पुस्तकात हा प्रसंग आहे, आणि तो ज्या थंडपणे लिहिलाय त्यानं वाचणारा हादरतो. कपाच्या कानावरची नक्षी आणि माणसाचं मुंडकं, दोन्हीकडे हा एकाच नजरेनं बघतो. ही नजर अपघातानं दिलेली नाही. ती सोळाव्या वर्षीच तयार होती, फक्त तिचं काय करायचं हे त्याला कळलं नव्हतं.

घरच्यांनाही नव्हतं. चित्रं काढतो म्हणून गोल्डस्मिथ्सला घातला. क्लाइव्ह गार्डिनर तेव्हा तिथे कलाविभागाचे प्रमुख होते. न्यू क्रॉसला वर्ग, ग्रिनिचला खोली, घरमालकीण इव्हलिन सिंक्लेअर. तिचं नाव लक्षात ठेवा.

शरीराचं काय झालं

इथे जरा थांबावं लागेल, कारण वेल्चवर लिहिणारे बरेच जण «आजारपण» असा एक मोघम शब्द टाकून पुढे जातात. जणू तो तेरा वर्षं पांढऱ्या चादरीत, खिडकीशी, हळुवार खोकत पडला होता. तसं नव्हतं.

कण्याचं हाड मोडलं, पण मज्जारज्जू पूर्ण तुटला नाही. सुरुवातीला पाय लुळे पडले, मग हळूहळू ताकद परत आली. तो पुन्हा चालू लागला. एवढंच नव्हे, पुन्हा सायकलवरही बसला! केंटच्या गल्लीबोळांतून सायकल मारत जुनी चर्चेस, पडकी बागघरं आणि भंगारवाल्यांची दुकानं पालथी घालणं हा त्याच्या रोजनिशीतला नेहमीचा उद्योग आहे. बरोबर डबा असे, नदीकाठी बसून खाणं असे. बाहेरून बघणाऱ्याला हा धडधाकट, थोडा नाजूक तरुण वाटावा.

खरं दुखणं आत होतं. कण्याला मार बसला की मूत्राशयाच्या नसा नीट काम करत नाहीत. लघवी साचते, तिथे जंतुसंसर्ग होतो, तो वर मूत्रपिंडाकडे सरकतो, मूत्रपिंडं खराब झाली की रक्तदाब चढतो, आणि मग डोकं फुटेल अशी डोकेदुखी, नजर अंधारणं, शेवटी हृदयावर ताण. वेल्चचं तेरा वर्षं हेच चक्र चाललं, शिवाय कण्याचा क्षय. दोन आठवडे बरे जायचे, मग ताप, मग अंधाऱ्या खोलीत पडून राहणं, मग पुन्हा सायकल.

तो काळही लक्षात घ्यायला हवा. पहिल्या महायुद्धात कण्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक असल्याच संसर्गांनी आणि पाठीला पडलेल्या जखमा चिघळून गेले, आणि तिसाच्या दशकातही डॉक्टर अशा रुग्णांकडे हताशपणे बघत. जर्मनीतून निर्वासित म्हणून आलेले लुडविग गुटमान यांनी स्टोक मँडव्हिलला कण्याच्या रुग्णांसाठी खास विभाग सुरू केला तो 1944 च्या फेब्रुवारीत. मूत्राशयाची काटेकोर निगा आणि कूस बदलण्याची शिस्त, यांवर तिथे भर होता. वेल्चच्या अपघाताला तोवर जवळपास नऊ वर्षं झाली होती. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन 1943 मध्ये सापडलं, ब्रिटनमधल्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले 1948 मध्ये. ते त्याचं शेवटचं वर्ष. मूत्रपिंड निकामी झालं तर यंत्रावर रक्त शुद्ध करायची सोय तर अजून कुठल्याकुठे होती. दहा वर्षं उशिरा जन्मला असता तर कदाचित साठी गाठता.

अपघातानंतर आधी रुग्णालयं, मग ब्रॉडस्टेअर्स या समुद्रकाठच्या गावी साउथकोर्ट नावाच्या शुश्रूषागृहात तो होता. तिथले डॉक्टर ईस्टन. वेल्च या डॉक्टरांवर इतका अवलंबून राहू लागला, की ते टनब्रिजला गेल्यावर हाही त्यांच्या मागोमाग टनब्रिजला घर करून राहिला. बरोबर ग्रिनिचची घरमालकीण इव्हलिन सिंक्लेअर, आता घर सांभाळणारी म्हणून. आईविना वाढलेल्या या मुलानं एक डॉक्टर आणि एक घरमालकीण जमवून आपलं कुटुंब उभं केलं, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. त्या कुटुंबात भांडणंही भरपूर झाली.

आणि पैसा. ही गोष्ट चरित्रात्मक लेखांत दोन ओळींत उरकतात, मला ती मुख्य वाटते. घरच्या मिळकतीतून त्याला थोडी पण नियमित रक्कम येत होती. श्रीमंती नव्हती, पण नोकरी न करता लहानशा घरात राहता येत होतं, जेवणाचं ताट कुणीतरी आणून देत होतं. त्याच वॉर्डात त्याच्या शेजारच्या खाटेवर पडलेल्या मजुराच्या मुलाचा कणा मोडला असेल, तर त्याची कादंबरी आपल्याला वाचायला मिळालेली नाही.

सात वर्षांची शांतता

आता «अपघातानं लेखक घडवला» या वाक्याकडे. 1935 ते 1942 या सात वर्षांत वेल्चच्या नावावर साहित्यात दाखवण्याजोगं जवळपास काही नाही. कविता लिहिल्या, त्या ठीक आहेत, बऱ्याचशा उसन्या वाटतात. तो स्वतःला चित्रकारच समजत होता. 1937 मध्ये शेल या तेलकंपनीनं आपल्या टँकरगाड्यांवर लावायच्या चित्रफलकांसाठी त्याचं हॅडलो कॅसलचं चित्र घेतलं. त्या मालिकेत ब्रिटनमधली प्रेक्षणीय ठिकाणं असत, आणि चांगले चांगले चित्रकार त्यात होते. लंडनच्या लेस्टर गॅलरीतही त्याची चित्रं लागली. एक आत्मचित्र आज नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे: लांबट चेहरा, मोठं कपाळ, आपल्याला तोलून बघणारे डोळे.

चित्रांबद्दल माझं मत फार उत्साहाचं नाही. मांजरं, शंख, पडके मनोरे, फुलं, सगळं इतकं दाटीवाटीनं येतं की श्वास घ्यायला जागा उरत नाही. पण हीच दाटी गद्यात उतरली तेव्हा तिला शिस्त लागली, कारण वाक्यात एकामागून एकच वस्तू ठेवता येते. चित्रकलेच्या वर्गात जे शिकला ते त्याला कागदावर शब्द लिहिताना उपयोगी पडलं. स्वतःच्या पुस्तकांची वेष्टनं आणि आतली सजावट मात्र त्यानं स्वतःच काढली, आणि ती मला त्याच्या मोठ्या चित्रांपेक्षा आवडतात.

कोंडी फुटली ती 1942 मध्ये, आणि तीही एका म्हाताऱ्या चित्रकारामुळे. ब्रॉडस्टेअर्सला असताना वेल्च जवळच्या सेंट पीटर्स गावी वॉल्टर सिकर्ट या नामवंत चित्रकाराकडे चहाला गेला होता. सिकर्ट तेव्हा सत्तरीच्या पुढचे, विक्षिप्तपणाबद्दल प्रसिद्ध. जानेवारी 1942 मध्ये ते वारले. ऑगस्टच्या «होरायझन» मासिकात वेल्चनं त्या चहाची हकीकत छापली. आदरांजली नाही, कलामीमांसा नाही. म्हाताऱ्यानं गटारकामगारांसारखे मांड्यांपर्यंतचे बूट घातलेत, ते घालून तो नाचतोय, गातोय, आणि निरोप देताना म्हणतोय की पुन्हा या, पण इतका वेळ थांबता येणार नाही अशा दिवशी या. एवढंच. सात वर्षं गोठवून ठेवलेलं एक दृश्य, जराही न वितळता बाहेर आलं.

कवयित्री ईडिथ सिटवेल यांनी तो लेख वाचला आणि त्याला कौतुकाचं पत्र पाठवलं. त्या काळी सिटवेलबाईंचा शब्द म्हणजे इंग्रजी साहित्यवर्तुळात सरळ प्रवेशपत्र. पहिली कादंबरी «मेडन व्हॉयेज» 1943 मध्ये रटलेज प्रकाशनाकडून आली. तिथे हर्बर्ट रीड संपादक होते, आणि प्रस्तावना सिटवेलबाईंची, त्यात लेखकाला जन्मजात लेखक म्हटलेलं. पुस्तक शाळेतून पळण्यापासून सुरू होतं आणि चीनच्या प्रवासात संपतं. नायकाचं नावही डेंटन वेल्च.

मग 1945 मध्ये «इन यूथ इज प्लेझर». यातला ऑर्विल पिम पंधरा वर्षांचा, आई तीन वर्षांपूर्वी गेलेली, उन्हाळ्याची सुट्टी वडील आणि दोन भावांबरोबर सरेमधल्या हॉटेलात घालवतोय. घडत काहीच नाही. तो खातो, भटकतो, मोडकी बशी विकत घेतो, ओसाड इमारतींत शिरतो, लाजतो, घाबरतो. समोर आइस्क्रीमसोबत पीच आला तर त्याला ती सेल्युलॉइडची बाहुली फुटून आतून बर्फ आणि रक्त वाहतंय असं दिसतं. असल्या चमत्कारिक, चविष्ट आणि थोड्या घाणेरड्या प्रतिमा इंग्रजीत दुसऱ्या कुणी फारशा दिल्या नाहीत.

आता गंमत बघा. दोन्ही कादंबऱ्या अपघाताआधीच्या काळाच्या. महायुद्ध चालू आहे, केंटवरून जर्मन विमानं जातायत, 1944 मध्ये उडते बाँब पडतायत, इटालियन युद्धकैदी शेतांवर राबतायत (हे सगळं रोजनिशीत आहे, आणि छान आहे), आणि हा माणूस तिशीकडे झुकला असताना पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाबद्दल लिहितोय. त्याच्या कथांतलीही उत्तम कथा तेरा वर्षांच्या मुलाची. अपघातानं त्याला विषय दिला असं म्हणायचं, तर त्यानं तो विषय जवळजवळ शेवटपर्यंत हातात घेतला नाही.

मला वाटतं अपघातानं काळ अडवला. वीस वर्षांचा झाल्यावर माणूस नोकरी धरतो, प्रेमात पडतो, फसतो, कर्ज काढतो, आणि त्या धबडग्यात पंधराव्या वर्षीची लाज, राग, भूक पुसट होत जाते. वेल्चच्या बाबतीत 7 जून 1935 नंतर नवं असं थोडंच आलं, म्हणून आधीचं पुसलं गेलं नाही. इतरांना आठवण असते, याला तो काळ तसाच्या तसा उपलब्ध होता. बघायची नजर आधीची, रिकामा वेळ आणि जेवणाचं ताट मिळकतीमुळे, आणि स्मरणाची ही विचित्र ताजेपणाची अवस्था अपघातामुळे. तिन्ही एकत्र आल्यावरही सात वर्षं गेली, कारण कुणीतरी बाहेरून «हेच लिही» असं म्हणायचं बाकी होतं. ते पत्र आलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार कुणी फारसा करत नाही. अपघाताची गोष्ट सांगायला जास्त चांगली असते, हे त्याचं कारण असावं.

शेवटची पाच वर्षं

नोव्हेंबर 1943 मध्ये त्याची एरिक ऑलिव्हरशी ओळख झाली. एरिक शेतावर काम करणारा तरुण, पुस्तकांशी फारसा संबंध नसलेला. डेंटन त्याच्या प्रेमात पडला. इंग्लंडात तेव्हा पुरुषांमधले समलिंगी संबंध हा गुन्हा होता, आणि 1967 पर्यंत राहिला. वेल्चच्या कादंबऱ्यांत ही ओढ उघड आहे पण नाव न घेता. कोवळ्या मुलाची नजर एखाद्या उघड्या दंडावर रेंगाळते आणि तिथेच परिच्छेद संपतो. रोजनिशीत आणि एरिकला लिहिलेल्या पत्रांत मात्र आडपडदा नाही. एरिकच्या बाजूनं भावना तेवढी नव्हती, असं पत्रांवरून दिसतं. पण तो येऊन राहिला आणि शेवटपर्यंत त्याची सेवा केली. प्रेमाची मोजदाद करणाऱ्यांनी हेही जमेला धरावं.

1946 मध्ये ते क्रूच या गावी मिडल ऑर्चर्ड नावाच्या घरात राहायला गेले. घर चित्रकार बर्नार्ड आणि नोएल अॅडनी या जोडप्याचं. नोएलबाईंची वेल्चशी मैत्री होती, आणि ती मैत्री सरळ कधीच नव्हती. त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी त्यांनी त्याच्यावरून एक कादंबरीही लिहिली. वेल्च मित्रांबद्दल रोजनिशीत काय काय लिहायचा हे पाहता, त्यांचाही काही हिशेब बाकी असणारच. तो गोड माणूस नव्हता. कुणाच्या घरी चहा पिऊन आला की रात्री त्या घराच्या पडद्यांची, बाईंच्या हातांची आणि त्यांच्या बढाईची साल काढायचा. त्याची रोजनिशी 1952 मध्ये जोसलिन ब्रुक यांनी छापली ती म्हणूनच बरीच कापून. पूर्ण छापायला 1984 उजाडलं, तेही मायकेल डी-ला-नॉय यांच्या संपादनात, जेव्हा दुखावण्यासारखे लोक बरेचसे उरले नव्हते.

आणि या घरात त्यानं अखेर अपघाताची गोष्ट लिहायला घेतली. «अ व्हॉइस थ्रू अ क्लाउड». सुरुवात व्हिटसनच्या सुट्टीनं, क्रूम्स हिलवरच्या खोलीतून सायकल काढण्यानं. टक्कर पुस्तकात नाहीच. सायकल चालू आहे, आणि मग वेदनेच्या ढगातून एक आवाज येतो, प्रश्न विचारणारा: नाव काय, राहता कुठे. तो पोलीस आहे. प्रचंड दुखत असताना कुणी पत्ता विचारतोय याचा जो संताप येतो, तिथून पुस्तकाचा सूर लागतो.

मला हे त्याचं सर्वांत मोठं पुस्तक वाटतं. आजारावरच्या पुस्तकांत रुग्ण बहुधा शहाणा होत जातो, सहनशील होतो, जगण्याचं मोल ओळखतो. वेल्चचा नायक मॉरिस असला काही शहाणपणा शिकत नाही. तो चिडतो, हट्ट करतो, परिचारिकांचा द्वेष करतो, शेजारच्या खाटेवरच्या माणसाची किळस येते तेव्हा तसं सांगतो, डॉक्टर फार्ली (म्हणजे ईस्टनच, नाव बदललेले) खोलीत आले की लहान मुलासारखा हरखतो आणि ते लवकर गेले की हिरमुसतो. अंग पुसायला येणाऱ्या परक्या हातांपुढे उघडं पडण्याची लाज, बेडपॅनची वाट बघणं, रात्री वॉर्डात कुणाचं तरी विव्हळणं. आपल्याकडे सरकारी इस्पितळात आठवडाभर नातेवाइकाजवळ बसलेल्या कुणालाही हे वाचताना ओळख पटेल. आणि तरीही पुस्तक रडकं नाही, कारण लेखक स्वतःलाही त्या थंड नजरेतून सोडत नाही. त्याचा स्वार्थीपणा त्यानंच आपल्याला दाखवून दिलाय.

हे लिहिताना मूत्रपिंडं आणि हृदय दोन्ही खचत चालली होती. एरिक ऑलिव्हरनं सांगून ठेवलंय, की शेवटी शेवटी तो एका वेळी तीन-चार मिनिटंच लिहू शकायचा, मग डोकं ठणकायचं आणि डोळे काम देईनासे व्हायचे. रोजनिशीही 1948 च्या ऑगस्टअखेर थांबली. जो काही जोर होता तो कादंबरीकडे वळवलेला. तरी पुस्तक पुरं झालं नाही. डॉक्टरांच्या मागोमाग नव्या गावात बिऱ्हाड थाटायच्या टप्प्यावर ते तुटतं. 1950 मध्ये जॉन लेमन यांनी ते तसंच छापलं.

हिशेब मांडला तर असा दिसतो: तेरा ते सोळा या वयांवर त्यानं भरपूर लिहिलं, विसाव्या वर्षावर एक अपुरं पुस्तक. पंचविशीतला, तिशीतला डेंटन त्याच्या कादंबऱ्यांत जवळपास आलाच नाही, तो फक्त रोजनिशीत आहे. लेखन आयुष्याच्या मागून येत होतं आणि दर पुस्तकागणिक जवळ सरकत होतं. आयुष्य आधी संपलं. «शोकांतिका» हा शब्द मी इथे वापरणार नाही, कारण त्याला स्वतःला तो आवडला नसता. पण वाचक म्हणून चुटपुट लागते ती नेमकी इथे: एरिकबरोबरची वर्षं त्यानं त्याच थंड नजरेनं, कादंबरी म्हणून लिहिली असती तर?

नंतर

मृत्यूनंतर कथासंग्रह, उरलेलं लेखन, कविता, रोजनिशी असं करत करत बहुतेक सगळं छापलं गेलं. तरी वेल्चचं नाव अभ्यासक्रमात फारसं नाही. त्याला वाचणारे मात्र कुठून कुठून निघतात. अमेरिकन लेखक विल्यम बरोज, ज्यांचं लेखन आणि जगणं दोन्ही वेल्चच्या चहापानांपासून कोसो दूर, त्यांनी आपली 1983 ची एक कादंबरी वेल्चला अर्पण केली आणि «इन यूथ इज प्लेझर»च्या नव्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली. हस्तलिखितांचा मोठा भाग टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहात आहे. 1783 सालचं एक बाहुलीघर त्यानं युद्धकाळात स्वतःच्या हातांनी दुरुस्त केलं होतं, ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे आहे.

कुणाला वाचायचा असेल तर क्रमानं जाऊ नये असं मी सुचवेन. आधी सिकर्टच्या घरच्या चहाचा तो लेख वाचावा, पंधरा मिनिटांत होतो. तो आवडला तर सरळ अपुऱ्या कादंबरीकडे जावं, आणि मग मागे, पंधरा वर्षांच्या ऑर्विलकडे. रोजनिशी हाताशी ठेवावी, मधूनमधून उघडायला. कविता राहिल्या तरी चालेल.